पंखा राहू द्या, पण बोलण्यावर नको

प्रश्न : ताई, आम्ही आरमोरी तालुक्यातले दोघे मित्र. एक झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत ऑर्गन वाजवतो, दुसरा गिटार वाजवतो अन् मोबाइलवर रेकॉर्डिंग करतो. घरच्या खोलीतच करतो, म्हणून पंख्याची घरघर, खरखर सगळं येते. गाण्यांत ते लोकांना आवडते. आता ब्रह्मपुरीचा मित्र धानाच्या रोवणीवर छोटा सिनेमा करून राहिला, संगीत आमचंच पाहिजे म्हणते. नागपूरच्या स्टुडिओत जाऊन सगळं साफ करावं का? अन् कागदपत्राचं काय?

उत्तर : स्टुडिओत जाऊ नका. मित्राला तुमची ती खोलीच हवी आहे. भाता मारताना ऑर्गनचा जो श्वास ऐकू येतो, त्यानं वडसा-आरमोरीकडच्या माणसाला नाटकाची अख्खी रात्र आठवते. सफाई करताना आधी तोच पुसला जाईल.

अडचण दुसरीकडे आहे. गाण्यात खरखर सुरुवातीपासून शेवटपर्यंत असते, म्हणून कानाला तिची सवय होते. सिनेमात संगीत मध्येच येतं, मध्येच थांबतं. त्याच्यासोबत पंखाही सुरू-बंद झाला, तर प्रेक्षकाचं लक्ष पडद्यावरच्या चेहऱ्यावरून उडतं. म्हणून काहीही न वाजवता खोलीचा नुसता आवाज एक-दोन मिनिटं वेगळा घेऊन ठेवा. संगीताच्या आधी तो हळूच येऊ द्या, नंतर हळूच जाऊ द्या. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या दृश्यांत बेडूक, पाऊस, चिखलातली पावलं असतीलच, तिथे पंखा नकोच. हे सगळं संकलन पक्कं झाल्यावरच करा, नाहीतर दृश्यांच्या दर काटछाटीला पुन्हा मेहनत.

विजेची गूं मात्र मुळीच ठेवू नका. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, ती ऑर्गनच्या खर्जाशी भांडते. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा.

आणि संवाद! ऑर्गनचं मधलं सप्तक नेमकं माणसाच्या आवाजाच्या जागेवर बसतं. रोवणीतल्या बायकांचं झाडीबोलीतलं बोलणं तुमच्या सुरांखाली दबलं, तर मला फार वाईट वाटेल. ही बोली पडद्यावर ऐकायला मिळते तरी किती? बोलणं चालू असताना खर्जातला एखादा सूर धरा, नाहीतर सरळ थांबा. ऑर्गन, गिटार, खोली अशा वेगवेगळ्या वेव्ह (WAV, आवाज न दाबता साठवणाऱ्या) फाइली द्या, म्हणजे मिक्सिंग करणाऱ्याला एकेक कमी-जास्त करता येईल. रेकॉर्डिंगचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, सीडीसाठी 44.1 किलोहर्ट्झ चालतो, सिनेमासाठी 48 ठेवा.

मैत्री असली तरी कागद कराच. हक्क द्यायचे तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. शिवाय 2012 च्या दुरुस्तीनंतर, सिनेमा चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे टीव्हीवर किंवा मोबाइलवर दाखवला तर संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा निर्मात्याला लिहून घेता येत नाही. ‘रॉयल्टीचा हक्क सोडत आहोत’ असं वाक्य मसुद्यात दिसलं, तर सही करण्याआधी ते खोडून घ्या.