वजन कमी वाटणारी मुलगी आणि शाळेतली नर्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारा वर्षांची, वर्गशिक्षिका म्हणतात ‘फारच वाळलीय’, तुम्ही मोजलं तर वजन ३२ किलो, उंची १४८ सेंमी. आता आईवडिलांना आजच बोलवायचं का? बरीच वर्षं शाळेत नर्स म्हणून काम केलंय, त्यावरून सांगते. तिला चक्कर वगैरे काही नसेल तर आज नको. आधी दोन कामं करा.

पहिलं, पुन्हा मोजा. बूट काढून, जाड कपडे उतरवून, खिसे रिकामे करून. डोक्यावर बांधलेले केस सोडायला सांगा, टाचा भिंतीला, नजर समोर. तुमच्या आकड्यांनी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १४.६ येतो. उंचीत दोनच सेंटीमीटरची चूक असेल आणि ती खरं तर १५० सेंमी असेल, तर तोच १४.२ होतो. आणि मोठ्यांचं वजन कमी ठरवणारी १८.५ ची मर्यादा मुलांना लावू नका. बारा वर्षांच्या मुलींचा मधला बीएमआयच १८ च्या आसपास असतो. त्या हिशेबाने निम्मा वर्ग कमी वजनाचा ठरेल. वयानुसार बीएमआयचा तक्ताच वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ ते १९ वर्षांच्या तक्त्यात उणे २ प्रमाण विचलनाच्या (त्या वयाच्या मधल्या आकड्यापासून किती दूर, याचं माप) खाली कृशता धरतात, उणे ३ च्या खाली तीव्र कृशता. तुमची मुलगी सीमेच्या अगदी जवळ आहे, म्हणजे एकट्या आकड्यावरून निकाल लागणार नाही.

दुसरं, जुन्या नोंदी काढा. माझ्या मते सगळं उत्तर तिथेच असतं. पहिल्यापासून ती तक्त्यावरच्या खालच्याच रेषेवरून चालत आली असेल, उंची वाढतेय, खेळतेय, घरचेही शिडशिडीत आहेत, तर तो तिचा बांधा असू शकतो. वयात येताना काही मुलांची उंची आधी झपकन वाढते आणि वजन मागून येतं, तेव्हाही मूल काही महिने काडीसारखं दिसतं. पण रेषा सोडून खाली येत असेल तर थांबू नका. ‘वजन घटलं तर नाही ना’ यावरही समाधान मानू नका. या वयात वर्षभर वजन तेवढंच राहणं म्हणजे मागे पडणंच आहे.

मग मुलीशी बोला, एकटीशी, दार लोटून. ‘जेवत नाहीस का गं?’ असं विचारलंत की ती ‘जेवते’ म्हणेल आणि विषय संपेल. कालचा दिवस सकाळपासून सांग, म्हणा. झोप, डबा, मैत्रिणी, पोटदुखी, दातदुखी, पाळी, चालू औषधं, सगळं त्यात येतं. एकाग्रतेसाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी भूक मरते. घरात खायलाच पुरेसं नसेल तर मूल ते सरळ सांगत नाही, ‘मला भूक नसते’ म्हणतं. तिथे मदत मिळवून द्यायची असते आणि तीही चारचौघांत नाही.

एक मुलगा अजून डोळ्यांसमोर आहे. तासाला सारखी लघवीची परवानगी मागतो, टाळाटाळ करतो, अशी तक्रार होती. माझ्या खोलीत बसल्या बसल्या त्याने पाण्याची बाटली संपवली आणि दुसरी भरून मागितली. मी काट्यावर उभं केलं, तर दोन महिन्यांत तीन किलो कमी. त्याच दुपारी दवाखान्यात पाठवलं. टाइप १ मधुमेह निघाला. तहान, वारंवार लघवी आणि घटतं वजन एकत्र दिसलं तर उद्यावर ढकलू नका. भोवळ येणं, बर्फासारखे गार हात, विश्रांतीत नाडी मिनिटाला ५० च्या खाली, याही त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायच्या गोष्टी. जेवणाच्या वेळी गायब होणं, उकाड्यातही ढगळ कपडे, ‘मी जाड आहे’ हा ध्यास दिसला तर खाण्याच्या विकाराची शंका मनात ठेवा. अशा वेळी वजन वाढवून दाखवायला मुलं भरपूर पाणी पिऊन काट्यावर येतात.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीला मी वर्गाची रांग लावून वजनं मोठ्याने वाचायचे, सहकारी लिहून घ्यायची. एक मुलगी त्यानंतर वजनाच्या प्रत्येक दिवशी गैरहजर राहू लागली. आज मी काटा आडोशाला ठेवते आणि आकडा कुणालाच ऐकू जात नाही.

पालकांना दप्तरातून चिठ्ठी पाठवू नका, मूल ती वाटेत वाचतं. फोन करा. ‘तुमची मुलगी कुपोषित आहे’ म्हणू नका, तेवढं निदान करणं आपलं कामही नाही. ‘वर्षभरात उंची इतकी वाढली, वजन इतकंच राहिलं, डॉक्टरांना दाखवून घेऊया’ एवढं पुरे, आणि मोजमापांचा कागद सोबत द्या. हयगय किंवा छळाची शंका आली तर मात्र एकटीने निर्णय न घेता शाळेच्या बालसंरक्षणाच्या ठरलेल्या पद्धतीनेच जा. स्वतःहून टॉनिक सुचवू नका, बळेबळे खाऊ घालू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम जास्त अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जीवावर बेतू शकतं.

फोन झाला की डायरीत दोन आठवड्यांनंतरची तारीख टाका. दाखवलं का, काय सांगितलं, औषध शाळेत द्यायचंय का, हे तेव्हा विचारा. माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणं इथेच हातातून सुटतात. मागच्या वर्षीची उंची-वजनं सापडली की इथे टाका, नाव न लिहिता. तक्त्यावर रेषा कशी जाते ते मिळून बघू.