तुरीची फुलगळ आणि बियाण्यातली भेसळ: प्रश्नोत्तरे

प्रश्न : तूर फुलांनी लदली, पण झाडाखाली फुलांचा सडा पडतोय. रोग आहे का?

बहुधा नाही. निरोगी तुरीतही शंभर फुलांमागे साधारण दहाच शेंगा धरतात. मात्र जमिनीला भेगा पडल्या असतील तर हलके पाणी द्या. पाणी साचू देऊ नका. साचले तर फुले आणखी गळतात. ढगाळ हवेत गळ वाढली तर एनएए हे फुलगळ रोखणारे संजीवक २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) फवारावे (साडेचार टक्क्यांचे द्रावण १० लिटर पाण्यात साडेचार मिली). त्याआधी एकमेकांना चिकटलेले फुलांचे झुपके उकलून पाहा. आत जाळे आणि अळी सापडली, तर संजीवकावरचा खर्च वाया जाईल.

प्रश्न : पांढऱ्या दाण्याचे घरचे बियाणे दरवर्षी पेरतो. आता त्यात लाल दाणे दिसतात. तूर तर स्वपरागित ना?

अर्धीच. फूल उमलायच्या आदल्या दिवशीच, कळीत, दहाही परागकोश फुटतात. नौकेसारख्या जोडपाकळीत पुंकेसर (पराग देणारा नर भाग) आणि कुक्षी (पराग झेलणारे मादी भागाचे टोक) शेजारीच असल्याने स्वतःचे पराग कुक्षीवर पडतात. पण ते लगेच रुजत नाहीत. तेवढ्यात फूल उमलते, आग्या मोहोळाची किंवा पानकापी माशी पाकळीवर बसते, तिच्या वजनाने नौका खाली दबते आणि शेजारच्या वाणाचे पराग कुक्षीला लागतात. असा परसंकर सरासरी वीस-पंचवीस टक्के होतो. माश्या जास्त असतील तिथे त्याहून बराच अधिक.

गंमत म्हणजे दाण्याची साल मातृझाडाची असते. संकर झाला त्या वर्षी दाणे पांढरेच दिसतात, लाल रंग पुढच्या पिकात उघडा पडतो. म्हणून दाणे निवडून पेरल्याने भेसळ थांबत नाही. प्रमाणित बीजोत्पादनात दुसऱ्या वाणापासून किमान १०० मीटर अंतर लागते. शेजाऱ्याची तूर बांधालाच असेल, तर शेताच्या मध्यावरची काही झाडे निवडा. उमललेली फुले आणि धरलेल्या शेंगा खुडून, फक्त बंद कळ्या असलेल्या फांद्यांवर मलमलच्या पिशव्या बांधा. शेंगा धरल्या की पिशवी काढून त्या फांदीला दोरा बांधा. पुढचे बियाणे तिथूनच घ्या.

प्रश्न : फुलोऱ्यात घाटेअळीसाठी फवारणी कधी करावी?

सूर्य मावळताना. दिवसा माश्या फुलांवर असतात. सुरुवातीच्या फुलोऱ्यात पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. रासायनिक औषध अळ्या मोजूनच.