डॉक्टर, पंपाची सवय लागते का हो?

पाऊस सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी दम्याची असतात. यंदाही तसंच झालंय. त्यातल्या एका पत्राला सविस्तर उत्तर देते आहे, कारण ते एकीचं असलं तरी तिच्यासारख्या अनेकींचं आहे. उरलेल्या जागेत आणखी दोन पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी कोपरखैरण्याला राहते, वय ३४. ठाण्याला नौपाड्यात एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करते. लहानपणी मला बाळदमा होता, वयात आल्यावर गेला. दुसऱ्या बाळंतपणानंतर परत सुरू झाला. छातीच्या डॉक्टरांनी दोन पंप (इनहेलर) दिले. निळा पंप धाप लागली की घ्यायचा आणि दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ. रोजचा मी दीड महिना घेतला, बरं वाटलं म्हणून बंद केला. आता फक्त निळा असतो, पर्समध्ये, नॅपकिनमध्ये गुंडाळून. ऑफिसात वॉशरूममध्ये जाऊन घेते. सकाळी ठाण्याला दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उतरले की पूल चढताना मध्येच थांबावं लागतं. तेव्हा मी फोन बघतेय असं दाखवते. आठवड्यातून दोन-तीनदा रात्री खोकल्याने जाग येते. सासूबाई म्हणतात, पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही. त्यांचे थोरले भाऊ पंपावरच गेले. त्या मला रोज अडुळशाचा काढा करून देतात. यंदा मृगाला हैदराबादला माशाचं औषध घ्यायला जायचं ठरलं होतं, रिझर्व्हेशन मिळालं नाही म्हणून राहिलं. मिस्टर वाशीला मसाला मार्केटमध्ये आहेत, ते म्हणतात तुला पटेल ते कर. पंपात स्टिरॉइड असतं हे खरं का? आयुष्यभर घ्यावा लागेल का?

उत्तर : ताई, पुलावर फोन बघत थांबता ते वाचून मला वाईट वाटलं. त्या पुलावर रोज हजारो माणसं चढतात, त्यात तुम्ही एकट्या श्वासासाठी थांबता आणि ते कुणाला कळू नये म्हणूनही धडपडता. दम्यापेक्षा हे लपवणंच जास्त दमवतं.

आधी सासूबाईंचं बोलू, कारण त्यांची भीती खरी आहे. त्यांनी भावाच्या हातात पंप पाहिला आणि भाऊ गेलेला पाहिला. त्यांच्या पिढीत बहुतेकांच्या बाबतीत असंच व्हायचं. काढा, गोळ्या, इंजेक्शनं, सलाईन सगळं करून झालं की मग कुणीतरी पंप लिहून द्यायचं. तोवर फुप्फुसं पार थकलेली असायची. शेवटी दिला जायचा म्हणून लोकांच्या मनात पंप म्हणजे शेवट असं बसलं.

हे मी घरातून सांगते आहे. माझे वडील वागळे इस्टेटला एका कारखान्यात लेथवर होते आणि आम्ही कोपरीला चाळीत राहायचो. रात्री दोनच्या सुमाराला ते पलंगावर मांडीपुढे उशा रचायचे आणि त्यांवर दोन्ही कोपरं टेकून पुढे वाकून बसायचे. श्वास आत घेताना गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मध्ये खड्डा पडायचा. मी अंथरुणात पडल्या पडल्या तो खड्डा बघत असायची. ते गोळ्या घ्यायचे, त्यांनी हात थरथरायचे. सकाळी बशीत चहा ओतला की बशी कपावर वाजायची. पंप मात्र नको, कारण चाळीत पंप घेणारे एकच गृहस्थ होते आणि ते वारले होते. मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना वडिलांना ॲडमिट करावं लागलं आणि तिथून ते पंप घेऊन घरी आले. तीन आठवड्यांनी आई मला म्हणाली, "अगं, हे रात्रभर आडवे झोपतात. मलाच झोप येत नाही, सारखी उठून बघते श्वास चालू आहे ना." तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. त्याच्या आधीची पंधरा वर्षं त्यांनी बसून काढली, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

आता सवयीचं. तंबाखूची सवय लागते तेव्हा तलफ येते, मात्रा वाढत जाते, सोडली की जीव कासावीस होतो. रोजच्या पंपात यातलं काहीच होत नाही. तो बंद केल्यावर दमा परत येतो तो पंप सुटल्यामुळे नव्हे. दमा होताच, औषधाने दबलेला होता. चष्मा काढल्यावर अक्षरं पुन्हा पुसट दिसली तर आपण चष्म्याची सवय लागली असं म्हणत नाही.

दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते. धूळ, गार हवा, बुरशी, सर्दी असं काही लागलं की नळीभोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साचतो. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं आणि चार ते सहा तास पुरतं. सूज मात्र ते उतरवत नाही. ती रोजच्या पंपाने उतरते, हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने. तुम्ही ज्याचा परिणाम लगेच कळतो तो पंप ठेवला आणि जो गुपचूप काम करतो तो सोडला. जवळजवळ सगळेच असं करतात. म्हणूनच दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'गिना'ने २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय की मोठ्यांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नये. आता बऱ्याच जणांना एकाच पंपात दोन्ही औषधं मिळतात, सूज उतरवणारं बुडेसोनाइड आणि स्नायू सैल करणारं फॉर्मोटेरॉल. तोच रोज आणि तोच धाप लागल्यावर. दोन पंपांचा गोंधळ होत असेल तर याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. आणि रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. पंपावरचं औषधाचं नाव वाचायची सवय करा.

स्टिरॉइड असतं का? असतं. लपवून उपयोग नाही. पण किती आणि कुठे जातं ते बघा. पंप म्हणजे जास्त कडक औषध असं ज्यांना वाटतं त्यांना मी साल्ब्युटामॉलचाच हिशेब सांगते. गोळी चार मिलिग्रॅमची, म्हणजे चार हजार मायक्रोग्रॅम. पंपाचा एक पफ, म्हणजे एकदा दाबल्यावर येणारा फवारा, शंभर मायक्रोग्रॅमचा. एका गोळीत चाळीस पफ. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगभर फिरते, म्हणून माझ्या वडिलांचे हात थरथरायचे. पफ थेट नळीत जातो, म्हणून थोडक्यात भागतं. स्टिरॉइडचंही तसंच आहे. रोजच्या पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. ती टाळत राहिलात आणि मोठा अटॅक आला, तर स्टिरॉइडच्याच गोळ्या घ्याव्या लागतात, दिवसाला चाळीस मिलिग्रॅम, पाच ते सात दिवस. दोन्ही औषधं वेगवेगळी, त्यामुळे आकड्याला आकडा लावता येणार नाही. पण ज्याला स्टिरॉइडची भीती आहे त्याने पंपच धरावा, कारण वारंवार गोळ्यांची पाळी त्यानेच टळते. पंपाने घसा बसू शकतो किंवा तोंडात पांढरा थर येऊ शकतो. त्यासाठी पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरायची आणि थुंकायची.

पुढची गोष्ट कागदावर लिहून अवघड आहे, तरी लिहिते. माझ्याकडे नवा पेशंट आला की मी औषध बदलायच्या आधी म्हणते, तुमचा पंप काढा आणि माझ्यासमोर घ्या. गेल्याच आठवड्यात एक बाई आल्या, चार वर्षं पंप घेणाऱ्या. त्यांनी पंप तोंडात धरला, दाबला, आणि मग श्वास घेतला. ओठांच्या कोपऱ्यातून आणि नाकातून पांढरी वाफ बाहेर आली. चार वर्षं औषध हवेत जात होतं आणि त्या म्हणत होत्या, मला पंप लागू पडत नाही. दाबणं आणि श्वास घेणं एकाच वेळी सुरू व्हायला हवं. आधी पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, सावकाश खोल श्वास घ्यायला लागता लागता दाबा, मग मनात दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसऱ्या पफच्या आधी अर्धा मिनिट थांबा. जमत नसेल तर स्पेसर घ्या, तो पंपाला जोडायचा प्लॅस्टिकचा फुगीर नळा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना तर तो हवाच, मी तरुणांनाही देते. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि तसाच निथळू द्या. कपड्याने पुसलात तर आतून स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटतं.

आयुष्यभर घ्यावा लागेल का, याचं उत्तर आत्ता मी किंवा कुणीच देऊ शकणार नाही, पण कमी मात्र बहुतेकदा करता येतो. दोन-तीन महिने दमा पूर्ण ताब्यात राहिला की डॉक्टर स्वतःहून मात्रा कमी करून बघतात. तुम्ही दीड महिन्यात थांबलात. बरं वाटत होतं, कारण औषध चालू होतं.

दमा ताब्यात आहे की नाही हे तुम्हीच ठरवू शकता. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का? रात्री जाग आली का? निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे एखादं काम टाळलं का? तुमच्या पत्रातच रात्रीची जागही आहे आणि पुलावरचं थांबणंही आहे. म्हणजे दमा ताब्यात नाही. निळ्या पंपात साधारण दोनशे पफ असतात. वर्षाला तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो, आणि दर महिन्याला एक संपत असेल तर जिवालाच धोका वाढतो. गेल्या वर्षभरात किती घेतले ते एकदा मोजा.

काढ्याबद्दल भांडू नका. सासूबाई तो मायेने करतात, गरम प्यायल्याने घशाला बरं वाटतं, प्या. फक्त तो पंपाच्या जागी नको, इतकंच त्यांना सांगा. माशाबद्दल म्हणाल तर श्रद्धा ज्याची त्याची, पण श्वासनळीची सूज त्याने उतरते याला पुरावा नाही. पुढच्या वर्षी गेलात तरी रोजचा पंप एक दिवसही चुकवू नका.

आणि घरातलं बघा. पावसात कपाटामागची भिंत ओल धरते, तिथे काळे ठिपके आले असतील तर ती बुरशी आहे. तुम्ही स्वतः साफ करू नका, दुसऱ्या कुणाला करायला सांगा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. मिस्टरांना म्हणावं, मसाला मार्केटमधून आल्यावर आधी आंघोळ, आणि त्या कपड्यांची बादली वेगळी. 'तुला पटेल ते कर' यापेक्षा ही मदत मोठी होईल. मच्छर कॉइल आणि धूप बंद.

निळा पंप घेऊनही बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ताठ बसा, स्पेसरमधून एकेक करून चार ते दहा पफ घ्या आणि १०८ ला फोन करा. हे घरात सगळ्यांना माहीत हवं, म्हणून पंप नॅपकिनमधून बाहेर काढा. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला तो कुठल्या कप्प्यात आहे ते दाखवून ठेवा. १९५५ साली अमेरिकेत दम्याच्या एका शाळकरी मुलीने वडिलांना विचारलं होतं, केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध डब्यात का नाही मिळत? वडील औषध कंपनीत होते, आणि पुढच्याच वर्षी पहिला पंप बाजारात आला. कुठेही, चारचौघांत, पटकन घेता यावा म्हणूनच तो बनला आहे.

पुढच्या वेळी छातीच्या डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना बरोबर न्या. भावाचं सगळं त्यांना डॉक्टरांपुढे बोलू द्या. माझ्या अनुभवात असं मन मोकळं झालं की घरातली सासूच मग रात्री विचारते, पंप घेतलास का गं?

प्रश्न : मुलीला तिसरा महिना आहे. तिला दमा आहे. बाळाला त्रास होईल म्हणून आम्ही पंप बंद केलाय. बरोबर ना? (कळवा)

उत्तर : नाही मावशी, आजच परत सुरू करा आणि दोन्ही डॉक्टरांना कळवा, छातीच्याही आणि बाळंतपणाच्याही. आईचा श्वास कोंडला तर बाळाला ऑक्सिजन कमी पडतो. दमा ताब्यात नसेल तर बाळ दिवस भरायच्या आधी किंवा कमी वजनाचं जन्मण्याची भीती असते. नेहमीचे पंप गरोदरपणात चालतात.

प्रश्न : वय ६८. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्यात, सकाळ-संध्याकाळ एक. दोन महिने पाण्याबरोबर घेतोय, काडीचा फरक नाही. बरोबर एक प्लॅस्टिकचं यंत्र होतं, ते कशाचं ते कळलं नाही. (नेरूळ)

उत्तर : काका, यात तुमची चूक नाही, कुणीतरी दाखवायला हवं होतं. त्या कॅप्सूल गिळायच्या नसतात. आतली पूड श्वासातून घ्यायची असते. कॅप्सूल त्या यंत्रात बसवायची, यंत्र फिरवलं की ती उघडते, आणि मग तोंडाला लावून जोरात, खोल श्वास ओढायचा. वर ताईंना सावकाश म्हटलं ते फवाऱ्याच्या पंपासाठी, पुडीच्या यंत्राला मात्र जोर लागतो. नंतर कॅप्सूल रिकामी झाली का बघा, पूड उरली असेल तर परत ओढा, आणि चूळ भरा. उद्या ते यंत्र आणि एक कॅप्सूल खिशात घालून डॉक्टरांकडे जा, आणि त्यांच्यासमोर एकदा घेऊन दाखवल्याशिवाय उठू नका.