वरातीत नाचणारी घोडी ड्रेसाज शिकेल का?

प्रश्न : सर नमस्कार, माझ्याकडं पाच वर्षांची मारवाडी घोडी आहे, आधीच्या मालकानं वरातीत नाचवायला तयार केलेली. हलगी वाजली की जागेवर पाय उचलायला लागते. एशियन गेम्समधलं ड्रेसाज, म्हणजे स्वाराच्या हलक्या इशाऱ्यांवर घोड्यानं ठरलेल्या हालचाली करायची स्पर्धा, मोबाईलवर बघितलं तर वाटलं की हे तर आपली घोडी करतेच की. पण एक ओळखीचे म्हणाले, ही रेवाल चालते, हिला दुडकी येणार नाही, नाद सोडा. काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : नमस्कार दादा, नाद सोडू नका. पण नाच आणि ड्रेसाज एक नाही हे आधी नीट बघून घ्या. वरातीतली घोडी तोंड दुखतंय म्हणून मान वर करते, मग पाठ खाली दबते, मागचे पाय लांब मागं राहतात आणि नुसते पुढचे पाय उंच जातात. ड्रेसाजमधल्या पियाफमध्ये, म्हणजे जागच्या जागी केलेल्या दुडकीत, बरोबर उलटं, मागचा भाग खाली बसतो, पाठ वर येते, तोंड मऊ राहतं.

म्हणून पहिलं काम लगामाचं. काटेरी लगाम असेल तर आजच काढा, ओझ्याच्या जनावरांच्या क्रूरतेविरुद्धच्या 1965 च्या नियमांनी त्यावर बंदीच आहे आणि तरी सर्रास वापरतात, मला याचा फार राग येतो. ओठांचे कोपरे, जीभ आणि दात नसलेल्या जागेची हिरडी डॉक्टरांना दाखवा, जखम भरेपर्यंत तोंडात काहीच नको, मग साधी गुळगुळीत स्नॅफल, म्हणजे सौम्य साधा लगाम.

आता रेवाल. कोणाला तरी बाजूनं स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. एका बाजूचे दोन्ही पाय मागोमाग किंवा एकदमच पडतायत का बघा, तीच रेवाल, स्वाराला हिसका बसत नाही म्हणून लांबच्या प्रवासाला तिला मान होता. दुडकीत मात्र पुढचा उजवा आणि मागचा डावा अशी तिरकी जोडी एकत्र पडते आणि दोन जोड्यांच्या मध्ये क्षणभर चारी पाय हवेत असतात. रेवाल मारवाडीच्या रक्तातच असते पण बऱ्याच घोड्यांत ती पाठ ताठ असल्यामुळं जास्त दिसते, पाठ सुटली की दुडकी सापडते. स्वार न बसता लांब दोरावर मोठ्या गोलात फिरवा, मान खाली सोडू द्या, आणि वाटेत जमिनीवर बांबू टाका, साधारण चार फुटांवर एक, घोडी लहान असेल तर थोडं कमी. बांबूवरून जाताना पाय तिरक्या जोडीनं पडले की लगेच शाबासकी आणि थांबा. दमेपर्यंत करत बसलात तर परत रेवालवर येणार. बाकी दिवशी कालव्याच्या रस्त्यानं किंवा हलक्या चढावर मोकळ्या लगामानं नुसती चाल, मागच्या पायांत ताकद यानंच येते, तुमच्याकडं डोंगर आहेत त्याचा फायदा घ्या. आणि हलगी ऐकून नाचायला लागली तर मारू नका हो, तिला तेच शिकवलंय, शांतपणे पुढं चालवत न्या.

प्रश्न : घरच्या रानात प्रॅक्टिसला जागा किती लागेल? आणि परदेशी घोडा नसेल तर उपयोग आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, सुरुवातीला 20 बाय 40 मीटर पुरतं, मोठ्या स्पर्धांचं 20 बाय 60 असतं. काळ्या रानात पावसाळ्यात घोडा रुतणार, मुरूम दाबून वर वाळू टाका. मैदानाच्या कडेनं जागा ओळखायला अक्षरांच्या खुणा असतात, छोट्या मैदानात त्यातली के, एच, एम, एफ ही अक्षरं कोपऱ्यापासून 6 मीटरवर येतात आणि मुलं 20 मीटरचा गोल करताना घोडा थेट के वर नेतात, तिथंच गोलाचं अंडं होतं. एफ आणि के च्या पुढं 4 मीटरवर खूण करा, ए वरून, म्हणजे आखूड बाजूच्या मध्यावरून, निघालेला गोल तिथं बाजूला टेकून मैदानाच्या मधोमध असलेल्या एक्सवरून जायला पाहिजे.

घोड्याचं म्हणाल तर 2023 ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ड्रेसाजला आपल्या टीमनं गोल्ड आणलं ते युरोपात तयार झालेल्या घोड्यांवर, ते रायडरही तिकडंच ट्रेनिंग घेत होते. त्या लेव्हलला आपले घोडे अवघडच. पण नियमात जातीची अट नाही, प्रत्येक हालचालीला 0 ते 10 मार्क असतात आणि खालच्या टेस्टमध्ये सरळ लाईन, एकसारखा ताल आणि चौकोनी थांबा (चारी पाय चौकोनात ठेवून उभं राहणं) एवढं जमलं तरी काठियावाडीसारख्या देशी घोड्यालाही चांगले मार्क पडतात. घोडा विकत घ्यायच्या आधी आहे त्याच्यावर हे करा.