काजूच्या बागेत भेकराचं पाडस सापडलं, घरी वाढवलं तर चालेल का?

नाही, वाढवू नका. आणि उचललं नसेल तर आधी लांबूनच बघा, कारण बहुतेक वेळा ते अनाथ नसतंच. भेकराची मादी पिल्लाला गवतात, झुडपात दडवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. माणसं, कुत्री तिथे घुटमळत राहिली तर ती जवळ येत नाही. जखम नसेल तर कुत्री बांधा आणि बाजूला व्हा. काही तासांपूर्वीच उचललं असेल, तर पुन्हा त्याच जागी ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकत नाही.

जखमी असेल किंवा आई मेलेली दिसली, तर वनविभागाला 1926 वर फोन करा. तोवर पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, गोणपाटावर, शांत ठेवा. गाईचं दूध पाजू नका, हगवण लागून पिल्लं दगावतात. मुलांना फोटोसाठी जवळ नेऊ नका. हरणं नुसत्या भीतीनेही मरतात, हे मी कळकळीने सांगतोय.

1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार प्राणी ताब्यात आला की 48 तासांत कळवावंच लागतं. शिवाय माणसाळलेला नर मोठा झाला की शिंगांनी, सुळ्यांनी घरच्यांवरच येतो, आणि रानात सोडावा तर कुत्र्यांना घाबरत नाही.

एक मात्र नीट बघा: सशाएवढं, अंगावर पांढरे ठिपके-पट्टे असलेलं जनावर पाडस नसून पूर्ण वाढलेली पिसोरीही (हरणासारखं दिसणारं छोटं रानटी जनावर, माउस डिअर) असू शकते. तिला तर हातच लावू नका.