दुखलं तर जर्मनीत काय म्हणतात?

नर्स म्हणून जर्मनीला यायची तयारी करतेस आणि लातूरहून विचारलं आहेस: "ताई, जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा होईल, पण श्टुटगार्टच्या वॉर्डात पेशंट कळवळला तर तो काय म्हणतोय ते मला कळेल का? आणि माझ्याच तोंडून 'आई गं' निघालं तर?" ताई म्हणालीस, म्हणून तू म्हणते.

ओरडण्याची काळजी सोड. जर्मन माणूस चटका बसला की 'आउ' किंवा 'आउआ' म्हणतो, कधी 'आउच'. फ्रेंच, स्पॅनिश आणि तुर्की माणूस 'आय' करतो. २०२४ मध्ये १३१ भाषांतल्या उद्गारांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की वेदनेच्या उद्गारांत उघडा 'आ' आणि 'आइ', 'आउ' असे जोडस्वर जगभर वारंवार येतात. किळस आणि आनंदाच्या उद्गारांत असा सारखेपणा सापडला नाही. म्हणजे 'आई गं' ऐकून इथे कुणी बुचकळ्यात पडणार नाही.

१९६१ च्या जर्मनी-तुर्कस्तान करारानंतर तिकडून कामगार आले, ते आता म्हातारे होऊन वॉर्डात भेटतात. त्यांच्यातल्या आज्या कुशीवर वळवताना 'आनाम' म्हणतात, म्हणजे 'माझी आई'च. डिमेन्शियात नंतर शिकलेली जर्मन आधी निसटते, तेव्हा तुर्की कानावर येणारच. ज्यांना सांगताच येत नाही त्यांच्यासाठी 'बे-ए-एस-डे' नावाचा दुखणं मोजायचा तक्ता असतो: श्वास, आवाज, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होतो का, प्रत्येकाला ० ते २ गुण. तो इथे येण्याआधीच डोळ्यांखालून घाल.

खरी अडचण ओरडून झाल्यावर सुरू होते. डॉक्टर विचारणार, दुखणं कसलं? आपल्याकडे चमक, ठणका, कळ, चुरचुर, मुरडा असं भांडार आहे, पण इथे तुला विशेषणं लागतील. चमक मारते ते 'श्टेशन्ट', ठसठसतं ते 'पोखन्ट', आग होते ते 'ब्रेनन्ट', पोटात मुरडा येतो ते 'क्राम्फआर्टिश', मुका मार लागल्यासारखं जड दुखतं ते 'डुम्फ', ओढ लागल्यासारखं 'त्सीएन्ट'. उसण भरली की 'हेक्सनशुस', म्हणजे चेटकिणीचा बाण! यातला एक शब्द चुकला तर नोंद चुकते, म्हणून व्याकरणाआधी हे पाठ कर, असं माझं स्पष्ट मत.

आणि आकडा विचारायचा, ० ते १०, पडून असताना किती आणि हलल्यावर किती. म्हातारे लोक 'गेट शोन' म्हणतात, 'चाललंय की' अशा अर्थाने. त्याचा अर्थ दुखत नाही असा अजिबात नाही. युद्धानंतरच्या काळात वाढलेली ही पिढी कण्हायलाही लाजते. आपल्याकडे चार नातेवाईक सांगायला असतात, इथे भेटीची वेळ संपली की पेशंट एकटा.

श्टुटगार्टची बोली श्वेबिश, तीही थोडी ऐकून ये. श्वेबिश आजोबा 'फूस दुखतो' म्हणाले तर पाऊल तपासत बसू नकोस. पुस्तकात फूस म्हणजे पाऊल, पण त्यांच्या बोलीत खुब्यापासून बोटांपर्यंत सगळाच फूस. आपल्या 'पाय' या शब्दासारखंच, त्यामुळे मराठी माणसाला हे चटकन पटतं. 'क्रॉइत्स' म्हणजे कंबर. 'हेबन' म्हणजे उचलणे हे शिकली असशील, पण श्वेबिशमध्ये तेच 'धर' या अर्थाने येतं. ऑपरेशन झालेला पाय 'धर' म्हटल्यावर उचललास तर पुढचा 'आउआ' ऐकायला कान तयार ठेव! फार घाबरले की 'हेरगॉटले फॉन बिबराख' असं बिबराख गावच्या देवाला हाक मारणारं ऐकू येईल. आपल्या 'अरे देवा'ची जागा, बस.

आता तुझ्या स्वतःच्या आवाजाबद्दल, हे फारसं कुणी सांगत नाही. दुसऱ्याचं दुखणं पाहून आपण जिभेने 'च्च् च्च्' करतो. आपल्याकडे ती कळवळ्याची खूण, जर्मनांच्या कानाला मात्र ती नापसंती वाटते. जखमेची पट्टी सोडताना ते केलंस तर आजींना वाटेल, ही मलाच रागावतेय. त्याऐवजी 'ओये', म्हणजे 'अरेरे', म्हण, मान थोडी कलती कर, पुरे. 'शी' आणि 'ई' तर मास्कच्या आतही नको. आवाजातली किळस मराठी न येणाऱ्यालाही समजते.

आणि तुझं 'आई गं'? निघू दे. दारात बोट चेमटल्यावर कोण भाषा निवडत बसतं? फक्त समोर पेशंट असेल तर लगेच 'निश्ट्स पासिएर्ट', काही झालं नाही, एवढं जोड. नर्स किंचाळली की पडून असलेला माणूस आधी स्वतःच्या नळ्या बघतो.