राजीनाम्याआधी एक शब्द तपासा: 'अनुदानित'

म्हापशाजवळच्या एका बालगृहात अकरा वर्षं समाजकार्यकर्त्या असलेल्या ताईंचं पत्र आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या आजारामुळे त्यांची नजर कडेकडून आकसत चालली आहे. मुलांच्या नोंदी आता संगणकावर भरायच्या आणि तिथलं काहीच धड दिसत नाही. तिन्हीसांजेनंतर गृहभेटीला जाणंही धोक्याचं झालं आहे. संस्थेचं म्हणणं, "काम झेपत नाही, राजीनामा द्या. आम्ही खासगी, दिव्यांगांचा कायदा आम्हाला नाही." शिक्षिका आणि परिचारिकाही हाच प्रश्न घेऊन येतात.

भेदभाव बेकायदा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही. तुमचं सगळं प्रकरण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधल्या एका व्याख्येवर उभं आहे. कलम 2 मध्ये 'शासकीय आस्थापना' म्हणजे फक्त सरकारी खाती नव्हेत. सरकारच्या मालकीची, नियंत्रणातली किंवा अनुदानित संस्थाही तीत येते. मग ती सोसायटी असो की ट्रस्ट. तुमची संस्था त्यात बसली की कलम 20 लागू झालं: वाजवी सोयी द्याव्याच लागतात, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या हुद्द्यावर टाकता येत नाही. पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचं दुसरं पद, तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत जादा पद.

राजीनामा तुमच्या हाताने गेला, की "काढलं नाही, त्या स्वतः गेल्या" म्हणायला संस्था मोकळी. म्हणून तुमच्या पत्रातली एक ओळ मला फार खटकली. संस्थेला तुम्ही व्हॉट्सअॅपवर "विचार करून सांगते" असं लिहिलंत! चौदा महिने सोयी तोंडी मागितल्या आणि लेखी राहिलं ते एवढंच. आजच लिहून कळवा: राजीनामा देण्याचा माझा विचार नाही, मला सोयी हव्यात. पोच घ्या.

अनुदानाचा पुरावा संस्थेकडे मागत बसू नका. महिला व बाल विकास संचालनालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि मागच्या तीन वर्षांचे मंजुरी आदेश व उपयोगिता प्रमाणपत्रं (अनुदान कशावर खर्च झालं त्याचे दाखले) मागा. बालगृहांना मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली पैसे मिळतात. त्यातून पगार जातात का, हेही विचारा. उत्तराची मुदत 30 दिवस, पण सोयींचा अर्ज तोवर थांबवू नका.

त्या अर्जात "मदत करावी" असं मोघम लिहिलंत तर हाती काही येणार नाही. नेमकं मागा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम, फुकट मिळतो, त्यामुळे परवडत नाही ही सबब टिकत नाही. पण तो बसवूनही दोन ठिकाणी काम अडतं. स्कॅन केलेली पानं त्याला नुसती चित्रं असतात, आणि जुन्या बिगर-युनिकोड फाँटात टाइप केलेलं मराठी तो अर्थहीन अक्षरांसारखं वाचतो. म्हणून युनिकोडातल्या वर्ड फायली, नावं दिलेले रकाने आणि न जोडलेले कप्पे असलेले तक्ते मागा. गृहभेटी दिवसाउजेडी ठेवा. पावसात सहालाच अंधारतं, हे कारण अर्जात घाला. सोबत माणूस आणि वाहनखर्च मागा. वाचून दाखवणाऱ्या मदतनीसाकडून गोपनीयतेचं लेखी घ्या, कारण बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. त्याच कारणाने केसचे कागद इंटरनेटवर पाठवून वाचणारी फुकट अॅप्स वापरू नका.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल सावध राहा. तुमच्या आजारात समोरची नजर बराच काळ चांगली राहते. अक्षरांचा तक्ता वाचून 6/9 (जवळजवळ सामान्य नजर) लिहिलं की "दिव्यांगत्व नाही" असा शेरा पडू शकतो. फील्ड टेस्टचा, म्हणजे कडेचं किती दिसतं ते मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल न्या. चांगल्या डोळ्याचं दृष्टिक्षेत्र 40 अंशांपेक्षा कमी आणि 10 अंशांपर्यंत असेल तर ती कायद्याने अल्पदृष्टी. वाजवी सोयींसाठी 40 टक्के दिव्यांगत्वाची अट नाही. ती आरक्षणासारख्या लाभांना आहे.

अर्ज फेटाळला किंवा दाबून ठेवला, तर कलम 23 खाली संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. असा अधिकारीच नेमलेला नसेल, तर तेच लिहून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. आयुक्तांची शिफारस म्हणजे हुकूमनामा नव्हे, तरी तीन महिन्यांत काय केलं ते संस्थेला कळवावं लागतं. उच्च न्यायालयाचा रस्ता उघडा आहे, पण तारखांत वर्षं जातात आणि पगार तुम्हाला दर महिन्याला लागतो. त्याने सुरुवात करू नका.

बाकीचं ठामपणे सांगता येणार नाही. प्रकल्पापुरतं अनुदान पुरेसं का आणि कंत्राटी नेमणुकीत कलम 20 कितपत टिकेल, हे तुमचे आदेश बघून ठरेल. संस्था व्याख्येबाहेर पडली तरी भेदभावाला मनाई करणारं कलम 3 उरतंच, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर समान संधी धोरणात साहाय्यक उपकरणांची तरतूद हवी. ते धोरण मागून घ्या.

वकिलाची फी अडचण ठरू नये. स्त्री म्हणून आणि दिव्यांग म्हणूनही तुम्हाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तोवर कार्यालयात कुठलाही कागद पुढे आला तर विश्वासातल्या माणसाकडून पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, "नुसती हजेरी आहे" म्हणाले तरीसुद्धा.